वक्री ग्रह

घरातील मुलगा एखाद्या परीक्षेत मागे राहिला, की आपल्याकडे पंचांग बाहेर निघते आणि कोणता ग्रह वक्री आहे याचा शोध सुरू होतो. फलज्योतिषात आमचा अधिकार नाही. परंतु गणितज्योतिष काय सांगते, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. वक्री झालेला मंगळ वस्तुतः मागे जातच नसतो. तो आपल्या कक्षेत पुढेच चाललेला असतो. पृथ्वी त्यास ओलांडून पुढे जाते, म्हणून आपणांस तो उलटा चालल्याचा भास होतो. माणसांच्या आयुष्याविषयी निर्णय देतानाही हे ध्यानात ठेवणे बरे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचेच उदाहरण घ्या. १८६९ साली जन्मलेले हे गृहस्थ चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण काही रंग त्यांच्या दृष्टीस नीट ओळखता येईनात. चित्रकला सुटली. मग ते यंत्रांची रेखाटने शिकले व व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिक्षक झाले. तेथे बढती डावलली गेली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावास आले. बंधू रामूअण्णांसह सायकली विकल्या. पुढे कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर केले. लोखंडाने जमीन विषारी होईल, या भीतीने शेतकरी नांगर घेईनात. अखेरीस कारखान्याची जागाही सोडावी लागली. चाळिशीच्या या गृहस्थाचे सारेच ग्रह वक्री, असेच कोणीही म्हटले असते.

त्या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांस कुंडल रोड स्थानकाजवळचा ओसाड माळ दिला व दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. १९१० साली निवडुंगाच्या त्या रानात किर्लोस्करवाडी वसली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे.

येथवरची हकीकत पुष्कळांस ठाऊक असते. परंतु नांगर विकावयाचे तर गावोगाव फिरणारी माणसे हवीत. त्यांपैकी एक होते भाऊराव पाटील. शिक्षण इंग्रजी सहावीपर्यंतचे. साताऱ्यास शिकवण्या केल्या, ओगल्यांचा काचमाल विकला, किर्लोस्करांचे नांगर विकले. लौकिक दृष्टीने हीदेखील भटकंतीच. पण त्या भटकंतीत खेड्यांतील अज्ञान त्यांनी जवळून पाहिले. १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ साली ती साताऱ्यास आणली. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहिली आणि त्यांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने विकले.

एवढ्यावरून संस्थेचे श्रेय पंतप्रतिनिधींस देणे न्यायाचे होणार नाही. भाऊरावांची तळमळ त्यांची स्वतःचीच होती. परंतु ज्या वाटांवर ती वाढली, त्यांतील काही वाटा त्या नांगराने दाखविल्या. आणि तो नांगर त्या माळावर तयार होत होता. अडलेल्या एका गृहस्थास हात देताना साताऱ्याची ती मुले कोणाच्या स्वप्नात असणार?

आपला प्रभाव असाच, आपल्या नकळत चालतो. आमचे जुने विद्यार्थी भेटतात, तेव्हा आम्ही घोकून घेतलेली धातुरूपे ते विसरलेले असतात. जाता जाता आम्ही बोललेला एखादा शब्द मात्र त्यांस पाठ असतो. आणि आम्हांस तो बोलल्याचे स्मरणही नसते.

एकत्र कुटुंबात तर बोलणारी तोंडे पुष्कळ. शाळेत निकाल एकदाच लागतो; घरात तो प्रत्येक पंगतीस नव्याने लागतो. आजोबा, काका, आत्या, प्रत्येकाचा अभिप्राय वेगळा आणि ऐकणारा एकटा. अशा वेळी घरातील वडील माणसांनी एवढेच करावे: ताटावर बसलेल्या मुलास निकालाविषयी बोलू नये, आणि त्यास खरोखर काय करावेसे वाटते, ते एकदा शांतपणे विचारावे. जमल्यास त्यासाठी थोडी जागा, थोडा अवधी आणि थोडे द्रव्य द्यावे. पुढे त्यातून काय निघेल, हे आज दिसणार नाही. पंतप्रतिनिधींसही त्या दिवशी माळच दिसला होता.