पडताळणी नाही, तर मुलांजवळ प्रवेश नाही
पालकांचा जाहीर इशारा

सर्व संस्थाचालक आणि मुख्याध्यापकांना,

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवाडीतल्या दोन मुलींवर अत्याचार झाला. आरोपी होता शाळेतलाच कंत्राटी सफाई कामगार. गुन्हा नोंदवायला पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले, तेव्हा कुठे सरकार हलले. दुसऱ्याच दिवशी शासन निर्णय निघाला. सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती, सारे त्यात होते.

नियम तर त्याआधीपासूनच होता. पॉक्सो नियम, २०२० मधला तिसरा नियम शाळांना कायम आणि कंत्राटी, शिक्षक आणि शिक्षकेतर अशा सर्व कर्मचाऱ्यांची ठराविक काळाने पोलीस पडताळणी करायला सांगतो. पण त्यात शब्द आहे ‘कर्मचारी’, आणि शाळेत येणारा प्रत्येक जण पगारपत्रकावर नसतो. स्नेहसंमेलनाचा नाच बसवणारा, सहलीला मदतीला येणारा, शिबिर घेणारा, सुट्टीत खेळ शिकवणारा माजी विद्यार्थी, हे सगळे ‘आपलेच’ म्हणून आत येतात.

तुमच्या फाटकावरचे रजिस्टर एकदा उघडून पाहा. नावाच्या रकान्यात ‘डान्सवाले सर’, कामाच्या रकान्यात ‘गॅदरिंग’, जाण्याची वेळ कोरी. तो माणूस किती वाजता गेला, कोणत्या वर्गात होता, सोबत कोण होते, हे तुम्हालाच ठाऊक नसते. आणि संमेलनाच्या दिवशी त्याच माणसाच्या मदतनिसांकडून पहिली-दुसरीतल्या मुलींचे कपडे बदलून घेतले जातात, आतून कडी लावलेल्या खोलीत. हे यापुढे चालणार नाही.

आमच्या मागण्या :

१. मुलांच्या संपर्कात येणारा प्रत्येक स्वयंसेवक, मग तो एका दिवसासाठी का येईना, पोलिसांच्या चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्राशिवाय आत येणार नाही. ओळखपत्राची प्रत आणि आधी जिथे काम केले तिथल्या चौकशीची नोंद शाळेच्या दफ्तरी राहील.

२. प्रमाणपत्र असले तरी कोणताही स्वयंसेवक मुलासोबत एकटा राहणार नाही. प्रमाणपत्रात फक्त नोंदलेला गुन्हा दिसतो. जो कधी पकडलाच गेला नाही, त्याचा कागद कोराच असतो. म्हणून शाळेचा एक जबाबदार शिक्षक सतत हजर हवा आणि दार उघडे हवे.

३. लहान मुलांचे कपडे बदलणे आणि त्यांना स्वच्छतागृहात नेणे हे काम फक्त शाळेच्या महिला कर्मचारी करतील, त्याही दोघी मिळून.

४. मुलांचा खासगी मोबाइल क्रमांक घेणे, त्यांना परस्पर मेसेज करणे, गाडीवरून घरी सोडणे बंद.

५. तक्रार आली की आधी ‘अंतर्गत चौकशी’ नको. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती थेट पोलिसांकडे गेली पाहिजे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही, तर कलम २१ प्रमाणे संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

‘एवढे कागद मागितले तर फुकट शिकवायला येणार कोण?’ असे तुम्ही विचाराल. ज्याला मुलांची खरी कळकळ आहे, तो कागद आणील आणि उघड्या दारात शिकवील. जो एवढ्यावरून रागावून परत जाईल, त्याला जाऊ द्या.

हा इशारा मिळाल्यापासून ३० दिवसांत या पाचही गोष्टी लेखी स्वरूपात शाळेच्या फलकावर लागल्या पाहिजेत आणि फाटकावरचे रजिस्टर पालक प्रतिनिधींना दर महिन्याला दाखवले गेले पाहिजे. एकतिसाव्या दिवशी हे झालेले नसेल, तर आमचे एकही मूल सहलीला, शिबिराला किंवा स्नेहसंमेलनाला येणार नाही. त्याच दिवशी शिक्षणाधिकारी आणि राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे शाळेच्या नावानिशी तक्रार जाईल. मुदत वाढवून मिळणार नाही.