संसर्ग रोखा, माणसाला वाळीत टाकू नका

अँटिबायोटिकला दाद न देणारे जिवाणू हा डॉक्टरांचा विषय, त्यात आंबेडकरी चळवळीचे काय काम, असा प्रश्न आम्हाला विचारला जातो. आमचे उत्तर सरळ आहे. कोणाला वेगळे बसवायचे आणि कोणाच्या हातून घाण उचलून घ्यायची, हे जिथे ठरते तिथे जातीचा प्रश्न असतोच.

आधी विज्ञान समजून घेऊ. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट अशा जिवाणूंमुळे झाले, असा 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. वृद्धांची व अंथरुणाला खिळलेल्यांची दीर्घकाळ शुश्रूषा होते, त्या केंद्रांत हे जिवाणू सहज फोफावतात. लघवीची नळी, पाठीवरचे बेडसोर, एका खोलीत अनेक माणसे, रुग्णालयात सतत ये-जा ही त्याची कारणे. त्यात भर म्हणजे, त्रास काहीच नसताना लघवीच्या तपासणीत जिवाणू दिसले एवढ्यावर अँटिबायोटिक सुरू केले जाते. औषधाने साधे जिवाणू मरतात, चिवट तेवढे उरतात. एकाकडून दुसऱ्याकडे ते बरेचदा न धुतलेल्या हातांवरून जातात.

असे जिवाणू अंगावर असलेला माणूस आजारी असेलच असे नाही. तो महिनोन्‌महिने नुसता वाहक असू शकतो. मग त्याला खोलीत कोंडायचे का? अमेरिकेतील नर्सिंग होमसाठी १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेला नियम सांगतो, की एवढ्यासाठी कोंडू नका. अंघोळ घालताना, कपडे बदलताना, नळी किंवा जखम हाताळताना गाऊन आणि हातमोजे वापरा. बाकी वेळी त्याला सर्वांत मिसळू द्या, सर्वांबरोबर जेवू द्या.

मित्रांनो, यातला फरक नीट पाहा. विज्ञान धोका कृतीत शोधते आणि त्यावर उपाय सांगते. अस्पृश्यता धोका माणसाच्या जन्मात शोधते आणि त्यावर उपायच ठेवत नाही. १९२७ साली महाडला आपले लोक पाणी प्याले, तेव्हा सनातन्यांनी चवदार तळ्यात शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून ते 'शुद्ध' केले. सोवळे आणि स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यापेक्षा स्पष्ट कसे होणार?

आता दुसरी बाजू. संसर्ग पसरला की बोट कोणाकडे जाते? आयाकडे, मावशीकडे, सफाई कामगाराकडे. 'ही माणसे हात धूत नाहीत' असे म्हटले जाते. पण एका मावशीकडे किती रुग्ण आहेत? हातमोजे मोजून मिळतात का? नळाला पाणी, जवळ साबण आहे का? ताप आला तर पगारी रजा आहे का? ही कामे करणाऱ्यांत आपल्याच समाजाच्या माणसांचा, त्यातही बायांचा, भरणा आहे आणि त्यातल्या अनेकजणी कंत्राटावर आहेत. अमेरिकेतही या कामात बहुसंख्य स्त्रिया असून कृष्णवर्णीय व स्थलांतरितांचे प्रमाण मोठे आहे. जात श्रमाबरोबर श्रमिकांचीही उतरंड लावते, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले. इथे त्या उतरंडीचा फायदा जिवाणूंना होतो. तळाच्या कामगाराला असुरक्षित ठेवून वरच्या खाटेवरचा रुग्ण सुरक्षित राहू शकत नाही.

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक घेऊ नये, हे खरेच आहे आणि ते वस्त्यावस्त्यांत सांगितले पाहिजे. पण तेवढ्यावर थांबणे म्हणजे सगळा दोष गरिबाच्या माथी मारणे होय. म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रत्येक शुश्रूषा केंद्रात रुग्णांच्या प्रमाणात कामगार नेमा. हातमोजे, साबण आणि पाणी पुरेसे द्या. कंत्राटी कामगारांना पगारी आजारी रजा द्या. संसर्ग नियंत्रण समितीत सफाई कामगारांचा प्रतिनिधी घ्या. कोणते अँटिबायोटिक का दिले, याची नोंद ठेवा. आणि वाहक रुग्णाला वाळीत टाकू नका.

आपल्या भागातल्या वृद्धाश्रमात, मनोरुग्णालयात जा आणि तिथल्या मावशीला विचारा, आज हातमोजे मिळाले का? आपले काम तिथून सुरू होते.

जय भीम!