टोपीवालं जॅकेट आणि तेवीस किलो

गेल्या रविवारी या पानावर आणि शेजारच्या दोन्ही पानांवर तारेचं तेरावं घातलं गेलं. १५ जुलै २०१३ पासून देशातली तारसेवा बंद झाली, त्यामुळे तमाम सदरकारांच्या आज्या एकाच सकाळी दारात उभ्या राहून, तार न वाचताच, हंबरडा फोडत होत्या. तशी आजी माझ्याकडेही होती, पण मी तिला बाहेर काढलं नाही. म्हटलं, पुढच्या आठवड्यात डान्स बारवर लिहू. सुप्रीम कोर्टाने १६ तारखेला बंदी उडवली आणि आपली विधानसभा पक्षभेद विसरून एकमुखाने संतापली. इतकी एकी पाण्याच्या प्रश्नावर कधी दिसत नाही. मजकूर आयता होता.

पण माझं डोकं फिरलं ते फ्लोरिडातल्या एका निकालाने. खरं सांगायचं तर त्या निकालावर आमच्या नणंदबाईंच्या दिवाणखान्यात जो काथ्याकूट झाला त्याने.

निकाल थोडक्यात सांगते. २६ फेब्रुवारी २०१२ च्या पावसाळी संध्याकाळी सॅनफर्ड नावाच्या गावात ट्रेव्हॉन मार्टिन हा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा दुकानातून गोळ्यांचं पाकीट आणि सरबताचा डबा घेऊन एका फाटकबंद वसाहतीत परत येत होता. वडिलांबरोबर तिथे मुक्कामाला होता तो. वसाहतीच्या रहिवासी पहाऱ्याचा म्होरक्या जॉर्ज झिमरमन, वय २८, याने त्याला गाडीतून पाहिलं, संशयास्पद वाटतो म्हणून पोलिसांना फोन केला. मागे जायची गरज नाही, असं फोनवर त्याला सांगण्यात आलं. काही मिनिटांनी झटापट, एक गोळी, मुलगा ठार. मुलाजवळ हत्यार नव्हतं. झिमरमन म्हणाला, मी जीव वाचवायला गोळी झाडली. सहा आठवडे त्याला अटकसुद्धा झाली नाही. मग निदर्शनं झाली, आईवडिलांच्या अर्जावर वीस लाखांवर सह्या पडल्या, खटला उभा राहिला, आणि १३ जुलै २०१३ च्या रात्री सहा बायकांच्या ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. न्यूयॉर्कपासून लॉस एंजेलिसपर्यंत लोक रस्त्यावर आले.

आता नणंदबाई. त्यांच्यावर मी पूर्वी या सदरात लिहिलं होतं तेव्हा त्यांनी गणपतीपासून संक्रांतीपर्यंत माझ्याशी अबोला धरला होता. तिळगूळ घेताना अट घातली, नाव छापायचं नाही. ती मी पाळते. त्यांचा धाकटा एमएस करायला निघालाय आणि निघालाय नेमका फ्लोरिडाला. सॅनफर्डपासून गाडीने दोनेक तासांवर. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी बॅगा भरायला म्हणून आम्हाला बोलावलं होतं. ज्यांच्या घरातून कोणी गेलंय त्यांना ते दृश्य सांगायला नको. दिवाणखान्याच्या मधोमध दोन बॅगा आ वासून पडलेल्या, प्रत्येकीत तेवीस किलो, वर एक ग्रॅम नाही. कुकर, मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, कुलदेवतेची तसबीर, आणि काटा हातात धरून बॅग उचलताना कंबर धरलेले भाच्याचे वडील. टेबलावर लॅपटॉप, त्यात अटलांटाहून स्काइपवर आलेले भाच्याचे काका. ते वीस-बावीस वर्षं तिकडे आहेत. चित्र मधूनमधून गोठायचं, आवाज मात्र थांबायचा नाही.

काकांचा उपदेश चालू होता. भाडं कमी आहे म्हणून काळ्यांच्या वस्तीत खोली घ्यायची नाही. रात्री त्यांच्यातलं कोणी समोरून आलं तर रस्ता बदलायचा. मी म्हटलं, परवाच्या निकालात तर रस्ता न बदलणारा दुसराच कोणी होता ना? काका म्हणाले, ‘‘वहिनी, तुम्हाला इथली परिस्थिती माहीत नाही. ज्यूरीने पुरावा बघून निकाल दिलाय. आणि रात्रीच्या वेळी डोक्यावर टोपी ओढून फिरायचंच कशाला?’’

हा टोपीचा मुद्दा काकांचा स्वतःचा नाही. २०१२ साली गेराल्डो रिव्हेरा नावाच्या टीव्हीवाल्याने तो मांडला, त्याच्यावर चौफेर टीका झाली, पोटच्या मुलालाही त्याची लाज वाटली, आणि मग त्याने माफी मागितली. मुद्दा अटलांटाला पोचला, माफी बहुधा वाटेत अडकली असावी.

तेवढ्यात भाचा आतल्या खोलीतून आला. अंगात कॉलेजच्या गॅदरिंगचं टोपीवालं जॅकेट (पोरं त्याला हुडी म्हणतात), टोपी डोक्यावर, कानात गाणी, हातात आदल्या दिवशीचा उरलेला उपासाचा चिवडा. रंगाने तो आमच्या सासऱ्यांवर गेलाय. लहानपणी नणंदबाईंनी त्याला साय, हळद, मसुराचं पीठ, जे कोणी सांगेल ते चोळलं. पोर तुकतुकीत झालं, रंग होता तोच राहिला. मी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला आणि म्हटलं, ‘‘नीट बघा हो. पाऊस आहे, अंधार आहे, हा पाठमोरा चाललाय. हा तुम्हाला कोण दिसतो?’’

‘‘त्याचं वेगळं,’’ काका म्हणाले, ‘‘आपण शिकलेली माणसं.’’

शिकलेपण पाठमोरं दिसत नाही, एवढंच मी म्हणाले. २०१२ च्या ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिनच्या गुरुद्वाऱ्यात एका बंदूकवाल्याने सहा जणांना मारलं, तेव्हा त्याने कोणाची पदवी तपासली नव्हती. यावर काकांचं चित्र गोठलं. या वेळी आवाजही गेला. नेटवर्कचा दोष असेल, मी संशय घेत नाही.

पण मला खरा धक्का दिला तो नणंदबाईंनी. आदल्या रात्रीच ओबामा या विषयावर बोलले होते. पस्तीस वर्षांपूर्वी त्या मुलाच्या जागी मी असू शकलो असतो, अशा अर्थाचं काही म्हणाले. दुकानात मागे मागे येणारी नजर, रस्ता ओलांडताना गाड्यांच्या दारांना लागणाऱ्या कड्या, लिफ्टमध्ये पर्स घट्ट आवळून श्वास रोखून उभी राहणारी बाई, हे सगळं आपण भोगलंय म्हणाले. सकाळच्या बातम्यांत ते दाखवत होते. नणंदबाई मेतकुटाच्या पिशवीला रबर लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘‘मी पण धरली होती हो, वहिनी. मोठीच्या बाळंतपणाला तिकडे गेले होते तेव्हा. लिफ्टमध्ये एक उंच मुलगा होता, त्याने मला ‘कितवा मजला’ विचारून बटण दाबून दिलं. मी पर्स पोटाशी धरून उभी.’’

‘‘काय होतं पर्समध्ये?’’ भाच्याने विचारलं.

‘‘बाळंतशेपा,’’ त्या म्हणाल्या, आणि पुढच्या पिशवीला लागल्या.

त्या बाईंशी मी पुढे कधीही भांडेन, पण त्या दिवशी दिवाणखान्यात जमलेल्या आम्हा सगळ्यांत प्रामाणिक त्याच होत्या.

भाच्याचे वडील बँकेतून निवृत्त झालेत, त्यामुळे त्यांना कायद्याची बाजू घ्यावी लागते. ते म्हणाले, झटापट सुरुवातीपासून पाहणारा साक्षीदार नाही, संशयाचा फायदा आरोपीलाच मिळणार. बरोबर आहे. त्या सहा बायकांशी माझं भांडण नाही. समोर होतं त्यावर त्यांनी ठरवलं. मला खटकतो तो तिथला कायदा. २००५ साली फ्लोरिडाने ठरवून टाकलं की जिथे उभं राहायचा तुम्हाला हक्क आहे तिथे जिवावर बेतलंय असं तुम्हाला रास्तपणे वाटलं, तर मागे हटायची सक्ती नाही, गोळी घाला. झिमरमनच्या वकिलांनी त्या कायद्याची वेगळी सुनावणी मागितली नाही, साध्या स्वसंरक्षणावर खटला लढवला. पण न्यायाधीशांनी ज्यूरीला ज्या सूचना वाचून दाखवल्या त्यात ते ‘मागे हटायची सक्ती नाही’ होतंच. म्हणजे भीती वाटण्याचा हक्क त्याचा, ज्याच्या कमरेला पिस्तूल. अंधारात एक अनोळखी माणूस मागे लागलाय म्हणून त्या पोराला भीती वाटली असेल, तर ती कोणत्या कलमात बसते, हे काही मला त्या सूचनांत सापडलं नाही.

निवृत्त बँकवाल्यांनी लगेच नानावटींचा खुनाचा खटला काढला. १९५९ साली मुंबईच्या ज्यूरीने त्यांना आठ विरुद्ध एक असं सोडलं होतं, पण हायकोर्टाने ते उलटवलंच ना? उलटवलं. तिकडे ती सोय नाही. ज्यूरीने सोडला की त्या गुन्ह्यातून तो त्या राज्यात कायमचा सुटला, सरकारी वकिलाने अपील करायचं नाही.

आणि हे सगळं चालू असताना माझ्या मनात भलताच एक मुलगा येऊन बसला होता. योशिहिरो हात्तोरी. नागोयाचा, वय वर्षं सोळा, विद्यार्थी-देवाणघेवाणीवर लुइझियानातल्या बॅटन रूज शहरात राहायला गेलेला. १७ ऑक्टोबर १९९२ ला हॅलोविनच्या पार्टीला निघाला, बरोबर यजमानांचा मुलगा. हात्तोरीने वेष केला होता जॉन ट्रॅव्होल्टाचा, पांढरा सूट. पोरं घर चुकली. बेल वाजवली. दार उघडणारी बाई घाबरली, तिने नवऱ्याला बंदूक आणायला सांगितलं. नवरा पिस्तूल घेऊन आला आणि थांब म्हणून इंग्रजीत ओरडला. हात्तोरी आपला हसतमुखाने, आम्ही पार्टीला आलोय असं सांगत पुढे झाला. एक गोळी. मे १९९३ मध्ये ज्यूरीने घरमालकाला निर्दोष सोडलं. जपान चक्रावून गेला; पिस्तूल घरात असतं हीच तिथल्या लोकांना गोष्ट वाटत होती. हात्तोरीच्या आईवडिलांनी लाखो सह्या गोळा केल्या आणि त्याच वर्षी ते क्लिंटनना जाऊन भेटले. दिवाणी दाव्यात पुढे नुकसानभरपाई मिळाली, त्यातून त्यांनी काय केलं, तर अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना जपानला येऊन राहायची सोय केली. मी असते तर मला हे सुचलं नसतं.

हे मी दिवाणखान्यात सांगितलं आणि पहिल्यांदाच सगळ्यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसली. कारण पत्ता शोधायची आपली रीत काय? दिसेल ते दार वाजवायचं आणि ‘देशपांडे इथेच राहतात का हो?’ विचारायचं. देशपांडे तिथे राहत नसले की पुण्यात फार तर पाणउतारा होतो, दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं जातं, दुपारी एक ते चारमध्ये विचारलं असेल तर जरा जास्त. पण माणूस जिना उतरून खाली येतो. आमच्या सासूबाई तर चुकीच्या घरात शिरून चहा पिऊन आलेल्या आहेत, आणि त्या घरातल्या लोकांना त्या मुलाकडच्या वाटल्या होत्या. अशा घराण्यातलं पोर निघालंय. त्याला मेतकूट किती दिवस टिकतं हे चौघींनी सांगितलं. घर चुकलास तर अंगणात पाऊल न टाकता आधी फोन कर, हे कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्या वडिलांनी मग ते एका कागदावर लिहून पासपोर्टच्या पाकिटात घातलं, बँकेतल्या अक्षरात, खाली रेघ मारून.

जॅकेटवरून मात्र बराच वेळ जुंपली. नणंदबाई म्हणत होत्या ते इथेच ठेव, वजनही वाचेल. भाचा म्हणाला, ‘‘आई, तिकडे सगळेच घालतात.’’ ‘‘सगळ्यांचं मला सांगू नकोस,’’ म्हणून त्यांनी ते बॅगेतून काढलं, त्याने पुन्हा घातलं. शेवटी मेतकुटाची एक पिशवी बाहेर आली.

निघताना भाचा जिन्यात मला सांगत होता की स्टीव्ही वंडरने जाहीर केलंय, फ्लोरिडातला तो कायदा रद्द होईपर्यंत मी त्या राज्यात गाणार नाही. स्टीव्ही वंडरला ते जमतं. आमच्या पोराने पहिल्या सत्राची फी भरली आहे, आणि ती परत मिळत नाही.