विजेचे बिल आणि अध्यक्षपदाचे उमेदवार

मुलीच्या घरी गेले की बायका आधी स्वयंपाकघर पाहतात. मी विजेचे बिल पाहतो. वीज मंडळात सारी नोकरी काढलेल्या माणसाची ही खोड आहे आणि ती सातासमुद्रापलीकडे गेले तरी सुटत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात आम्ही दोघे न्यू जर्सीतल्या एडिसनला मुलीकडे गेलो होतो. ज्याने विजेचा दिवा घरोघर नेला त्याच्या नावाचे हे गाव. आज तिथे वाण्याकडे थालीपिठाची भाजणी मिळते. तर फ्रीजवर चुंबकाने लावलेले बिल मी चष्मा लावून वाचले आणि मुलीला विचारले, "अगं, घरात माणसं तीन. एवढी वीज खातं कोण?"

"आम्ही नाही बाबा," ती म्हणाली. "व्हर्जिनियातले कॉम्प्युटर खातात."

मला वाटले थट्टा करते आहे. जावयांनी मग समजावून सांगितले, आणि धंदा माझाच असल्यामुळे पुढचे मी स्वतः वाचून काढले. न्यू जर्सीसह तेरा राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन यांचे वीजजाळे पीजेएम नावाची एक संस्था सांभाळते. ऐन गरजेच्या वेळी वीज कमी पडू नये म्हणून 'इतके मेगावॅट तयार ठेवू' असे वचन ती वीजकेंद्रांकडून लिलावाने विकत घेते. त्या वचनाचा भाव २०२४-२५ साठी एका मेगावॅटला दिवसाला सुमारे २९ डॉलर होता. पुढच्याच वर्षासाठी तो सुमारे २७० डॉलर झाला. नऊपट! कारणे अनेक आहेत. जुनी केंद्रे बंद होत आहेत, नवी जोडायला वेळ लागतो आहे. पण मागणी वाढवणारे मोठे गिऱ्हाईक म्हणजे डेटा सेंटर. उत्तर व्हर्जिनियात त्यांची जेवढी दाटी आहे तेवढी जगात कुठे नाही, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे आल्यापासून त्यांची भूक वाढतच चालली आहे. परिणाम असा, की १ जून २०२५ पासून न्यू जर्सीतल्या घरगुती बिलांत सरासरी १७ ते २० टक्के वाढ झाली. ज्या आजीबाईंनी जन्मात संगणकाला एक प्रश्न विचारला नाही, त्यांच्याही.

आम्ही होतो तेव्हा तिथे गव्हर्नरपदाची निवडणूक ऐन रंगात होती. डेमोक्रॅटिक उमेदवार मिकी शेरिल म्हणत होत्या, मी विजेच्या दरांबाबत आणीबाणी जाहीर करीन आणि दर गोठवीन. रिपब्लिकन उमेदवार जॅक चिटारेली म्हणत होते, हे सारे डेमोक्रॅट लोकांच्या हरित धोरणाचे पाप आहे. एका संध्याकाळी दारावर एक तरुण कार्यकर्ता आला. कोणत्या पक्षाचा ते सांगत नाही, कारण दुसऱ्या पक्षाचा आला असता तरी फारसे वेगळे घडले नसते. तो बिलावर छान बोलला. मग जावयांनी विचारले, "आमच्या ऑफिसात नव्या मुलांची भरती थांबली आहे. त्यांचं काम आता यंत्र करतं. त्यावर तुमच्या पक्षाचं म्हणणं काय?" पोरगा प्रामाणिक होता. म्हणाला, "त्यावर आम्हांला काही सांगून पाठवलेलं नाही."

हे वाक्य माझ्या मनात घर करून बसले. जगातली सर्वांत मोठी लोकशाही म्हणून आपण मिरवतो, सर्वांत जुनी म्हणून ते मिरवतात. आणि ज्या गोष्टीने घरातले बिल, नोकरी, मुलांचा अभ्यास, फोनवरचा आवाज सारे बदलते आहे, तिच्याविषयी पक्षाने आपल्या माणसाला काही सांगून पाठवलेले नाही!

तसे कुणी बोललेच नाही असेही नाही. अँड्र्यू यँग नावाचे एक गृहस्थ २०१७ च्या नोव्हेंबरात अध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरले. तैवानहून आलेल्या आईबापांचा मुलगा, गाठीला पूर्वी कोणतेही पद नाही. ते गावोगाव एकच सांगत हिंडले, की यंत्रे माणसांची कामे घेणार आहेत. आधी ट्रकवाल्यांची, दुकानातल्या गल्ल्यावरच्यांची, फोनवर उत्तरे देणाऱ्यांची. तेव्हा सरकारने प्रत्येक प्रौढाला महिना हजार डॉलर द्यावेत. लोकांनी ऐकून घेतले, थोडे हसले, आणि ११ फेब्रुवारी २०२० रोजी न्यू हँपशायरच्या प्राथमिक फेरीच्या रात्री यँग यांनी माघार घेतली. पुढची गंमत पाहा. दोन महिने गेले नाहीत तोच करोनाच्या संकटात रिपब्लिकन अध्यक्षांच्या राजवटीत बहुतेक प्रौढांच्या खात्यात बाराशे डॉलर जमा होऊ लागले. ते एकदाचे होते आणि कारण वेगळे होते, हे खरे. पण 'फुकट पैसे वाटणे अमेरिकेच्या स्वभावात नाही' हा युक्तिवाद एका रात्रीत गळून पडला. यँग यांचा अंदाज सगळाच बरोबर ठरला असे मात्र नाही. ट्रकवाले अजून ट्रक चालवत आहेत, आणि खुर्चीत बसून संगणकाचा कार्यक्रम लिहिणाऱ्याच्या पोटात मात्र गोळा आला आहे.

त्याच न्यू हँपशायरमध्ये २०२४ च्या जानेवारीत, प्राथमिक फेरीच्या आदल्या दिवसांत, हजारो घरी फोन वाजला. पलीकडे अध्यक्ष जो बायडेन. आपले मत नोव्हेंबरसाठी राखून ठेवा, या मंगळवारी देऊ नका, असे ते सांगत होते. आवाज त्यांचा, लकब त्यांची, माणूस मात्र ते नव्हते. स्टीव्ह क्रेमर नावाच्या राजकीय सल्लागाराने हे घडवून आणले होते, आणि आवाज बनवून देणारा न्यू ऑर्लिन्सचा एक जादूगार होता. त्याने सांगितले की, या कामाचे त्याला दीडशे डॉलर मिळाले. क्रेमर म्हणाले, धोका किती मोठा आहे हे दाखवायचे होते! दळणवळण आयोगाने लगोलग असे यांत्रिक आवाजाचे फोन बेकायदा ठरवले आणि त्यांना ६० लाख डॉलरचा दंड केला. पुढे २०२५ च्या जूनमध्ये न्यू हँपशायरच्या ज्यूरीने फौजदारी आरोपांतून त्यांना निर्दोष सोडले.

यापेक्षाही मला अस्वस्थ करणारी गोष्ट ऑगस्ट २०२४ मधली. कमला हॅरिस यांच्या डेट्रॉइटच्या सभेला मोठी गर्दी झाली. डोनाल्ड ट्रम्प यांनी जाहीर केले, की ही गर्दी खरी नाही, यंत्राने बनवलेली आहे. हजारो माणसे तिथे प्रत्यक्ष उभी होती, वार्ताहर होते, कॅमेरे होते. खोट्याला खरे भासवण्याचे तंत्र आपण भीत होतो. खऱ्याला खोटे म्हणण्याची सोय त्याच्याबरोबर फुकट आली, हे कुणाच्या फारसे ध्यानात आले नव्हते.

आता एवढे सारे झाल्यावर दोन्ही पक्षांनी आपापल्या भूमिका ठरवल्या असतील असे वाटेल. पण पाहावे तो दोन्ही घरांत दुफळी. ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ ला शपथ घेतली त्याच दिवशी बायडेन यांचा कृत्रिम बुद्धिमत्तेवरील नियंत्रणाचा आदेश रद्द केला. आणि त्याआधी महिनाभर हेच ट्रम्प बंदरांच्या यांत्रिकीकरणाविरुद्ध गोदी कामगारांची बाजू घेत होते. उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी फेब्रुवारीत पॅरिसला जाऊन युरोपला सुनावले की नियमांचा अतिरेक नको, आणि त्याच भाषणात कामगारांना अभय दिले. दुसरीकडे डेमोक्रॅटिक पक्षाचे गॅव्हिन न्यूसम. २०२८ च्या संभाव्य उमेदवारांत त्यांचे नाव घेतले जाते. जड ट्रकमध्ये माणूस असलाच पाहिजे असे विधेयक कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केले, ते गव्हर्नर न्यूसम यांनी २०२३ मध्ये परत पाठवले आणि २०२४ मध्ये पुन्हा तसेच. कामगारांचा पक्ष म्हणवणाऱ्यांचा हा नेता! तिकडे डावे बर्नी सँडर्स आणि उजवे रॉन डिसँटिस दोघेही डेटा सेंटरवर सारखेच नाराज. नोव्हेंबर २०२५ मध्ये रिपब्लिकन जॉश हॉले आणि डेमोक्रॅट मार्क वॉर्नर यांनी मिळून एक विधेयक आणले, की यंत्रामुळे किती माणसे कमी केली ते कंपन्यांनी सरकारला कळवावे.

सर्वांत बोलका प्रसंग १ जुलै २०२५ च्या पहाटेचा. ट्रम्प यांच्या मोठ्या अर्थविधेयकात एक कलम घुसवले होते, की राज्यांनी दहा वर्षे कृत्रिम बुद्धिमत्तेवर आपापले कायदे करू नयेत. प्रतिनिधिगृहात ते विधेयक एका मताने पार पडले होते. मार्जरी टेलर ग्रीन या ट्रम्प यांच्या तेव्हाच्या कट्टर समर्थक बाईंनी नंतर कबूल केले, की हे कलम आत आहे हे मला मत देताना ठाऊकच नव्हते. सिनेटमध्ये मात्र कलम काढून टाकण्याच्या बाजूने ९९ मते पडली, विरोधात एक. ज्या सिनेटमध्ये साध्या नेमणुकीवरून दोन तट पडतात, तिथे ९९ विरुद्ध १!

लोक याला गोंधळ म्हणतात. मला यातच थोडी आशा दिसते. हा प्रश्न अजून कुठल्याच पक्षाच्या गोठ्यात बांधला गेलेला नाही. एकदा तो बांधला गेला की माणूस विचार करायचे सोडतो; आपला पक्ष काय म्हणतो एवढेच बघतो. अमेरिकेत हवामानाचे तसे झाले, करोनाच्या लशीचे तसे झाले.

आणि हे मी पुस्तकातून शिकलो नाही. वीज मंडळात एन्रॉनच्या वेळी डोळ्यांनी पाहिले. १९९३ च्या डिसेंबरात काँग्रेसच्या राजवटीत दाभोळच्या विजेचा करार झाला. १९९५ ची निवडणूक युतीने तो प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याच्या घोषणेवर लढवली, ऑगस्टमध्ये मनोहर जोशींच्या सरकारने तो रद्द केला, आणि १९९६ च्या जानेवारीत त्याच सरकारने नव्या वाटाघाटी करून त्याला मान्यता दिली. त्या काळात आमच्या कँटीनमध्ये चहाच्या टेबलावर रोज भांडणे होत. माणसाचा पक्ष कळला की युनिटच्या दराबद्दलचे त्याचे मत विचारावे लागत नसे. करार कुणी वाचलेला नसे. पक्षाने कोलांटी मारली की टेबलावरची मतेही कोलांटी मारत. २००१ मध्ये मंडळाने ती महागडी वीज घेणे थांबवले, तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. दर काय, हमी किती, धोका कुणाच्या डोक्यावर, हे साधे हिशेबाचे प्रश्न आम्ही झेंड्याखाली झाकून ठेवले होते.

अमेरिकेत झेंडे शिवायला आता सुरुवात झाली आहे, म्हणून हे लिहावेसे वाटले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये या उद्योगातल्या बड्या गुंतवणूकदारांनी शंभर दशलक्ष डॉलरहून मोठा राजकीय निधी उभा केल्याचे जाहीर झाले. ओपनएआयच्या संस्थापकांपैकी एकजण त्यात आहे. नियम फार कडक करू पाहणाऱ्या उमेदवारांना, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत, पाडायचे आणि अनुकूल असतील त्यांना निवडून आणायचे, असा बेत. नियम हवेत म्हणणाऱ्यांनीही मग आपला निधी उभारायला घेतला. थैल्या दोन्हीकडे आहेत. ज्या ९९ जणांनी त्या पहाटे एक होऊन मत दिले, त्यांतले किती जण २०२८ पर्यंत तसेच मत देतील? उमेदवारी मिळवायला पैसा लागतो, आणि पैसा देणाऱ्याला भूमिका स्पष्ट हवी असते.

मतदार मात्र आपल्या परीने बोलतो आहे. ४ नोव्हेंबर २०२५ ला शेरिल मोठ्या फरकाने निवडून आल्या. त्याच दिवशी जॉर्जियात विजेचे दर ठरवणाऱ्या आयोगाच्या दोन जागांची निवडणूक झाली. एरवी अशा निवडणुकीकडे कुत्रे फिरकत नाही. तिथे रिपब्लिकनांच्या दोन्ही जागा गेल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेवर लोकांना कुणी मत विचारले नाही, म्हणून त्यांनी ते बिलावर दिले. राजकारणात प्रश्न असेच मागच्या दाराने येतात. आपल्याकडे कांद्याच्या भावाने आले नाहीत का?

आणि यंत्राला नकार देणे कायद्याला जमतच नाही असे कुणी म्हणाले, तर त्याने न्यू जर्सीत पेट्रोल भरून पाहावे. तिथे आपल्या हाताने पेट्रोल भरायला १९४९ पासून कायद्याने बंदी आहे. बाकी देशात माणसे स्वतः भरतात. इथे पंपावरचा माणूस येतो आणि भरतो. सत्तर-पंचाहत्तर वर्षांत दोन्ही पक्षांचे गव्हर्नर आले नि गेले, कायदा राहिला. हे शहाणपण की हट्ट, यावर जावयांचे आणि माझे एकमत झाले नाही. ते म्हणतात, उगाच खर्च. असेल. पण विमानतळावर जाताना थंडीत टोपी ओढून टाकी भरणारा तो उतारवयाचा पंजाबी गृहस्थ मी पाहिला, आणि जावयांच्या ऑफिसातल्या त्या न भरलेल्या जागांसाठी असा कायदा कुणी का सुचवत नाही, हेही मनात आले. कदाचित त्या जागांवर कोण बसले असते हे कुणाला दिसत नाही म्हणून. पंपावरचा माणूस डोळ्यांना दिसतो.

त्या संध्याकाळी दारावर आलेल्या मुलाने जावयांचा प्रश्न वहीत लिहून घेतला होता. नाव आणि फोन नंबरही घेतला. कार्यालयातून तुम्हांला फोन येईल, म्हणाला. मी परत येऊन बरेच दिवस झाले, फोन आलेला नाही. आला तरी पलीकडे तो मुलगाच आहे हे ओळखायचे कसे, असे मुलगी विचारते.