अकीका : आनंदाचा, कर्जाचा नव्हे

घरात मूल आले की तो आनंद चार माणसांत वाटावासा वाटतो. ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे बाप्तिस्मा होतो, हिंदू शेजाऱ्यांकडे बारसे, आपल्याकडे अकीका. सातव्या दिवशी नाव ठेवायचे, जावळ काढायचे आणि केसांच्या वजनाइतकी चांदी सदका करायची. हजरत हसन (रजि.) यांच्या जन्मानंतर प्रेषितांनी (स.) हजरत फातिमा (रजि.) यांना हेच सांगितले. ती चांदी फार तर एक दिरहम, म्हणजे सुमारे ३ ग्रॅम भरली.

आज आपण मात्र हॉल आणि मंडपासाठी उसने काढतो. पैसे जमत नाहीत म्हणून अकीका लांबतो. मुलीचा तर पुष्कळदा राहूनच जातो.

मुलासाठी दोन बकरे, मुलीसाठी एक, तेही ऐपत असेल तर. बहुतेक उलेमांच्या मते ही सुन्नत आहे, फर्ज नव्हे. सातवा दिवस हुकला तर चौदावा, एकविसावा आहेच. मग कर्ज कशाला? आम्हाला वाटते, अंगणातच डेग चढवावी, नातलग-शेजाऱ्यांना जेवू घालावे. आणि ज्या घरी महिनाभर मटण शिजलेले नाही, तिथे पहिला वाटा पोहोचवावा. लेकीच्या अकीक्यालाही तितक्याच हौसेने.