चोवीस तासांचे चिरंजीव उत्प्रेरक

'भारतीय शास्त्रज्ञांनी हायड्रोजननिर्मितीसाठी स्वस्त, कार्यक्षम आणि टिकाऊ उत्प्रेरक विकसित केला' अशा आशयाची बातमी देशात वारंवार झळकते. धातूंची जोडी तेवढी बदलते. कधी निकेल-लोह, कधी निकेल-कोबाल्ट, कधी निकेल-मॉलिब्डेनम. विशेषणे मात्र तीच राहतात. त्यातील 'टिकाऊ' हे विशेषण कशाच्या बळावर लावले, हे पाहण्यासाठी मूळ शोधनिबंध उघडावा, तर पुष्कळदा चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तासांचा एक आलेख हाती लागतो. त्यातील रेषा सपाट दिसते, आणि सपाट आहे तोवरच ती थांबवलेली असते.

उद्योगात इलेक्ट्रोलायझरकडून ६०,००० तास किंवा त्याहून अधिक सेवेची अपेक्षा असते. चोवीस तास म्हणजे त्याचा अडीच हजारावा भाग. शिवाय प्रयोगशाळेतील चाचणी बहुधा खोलीच्या तापमानाला, सौम्य द्रावणात आणि दर चौरस सेंटीमीटरला १० मिलिअँपिअर इतक्या अल्प विद्युतप्रवाहावर होते. कारखान्यात तापमान ६० ते ९० अंश सेल्सिअस, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे प्रमाण २५ ते ३० टक्के आणि प्रवाह कित्येक पटींनी अधिक. पाळण्यातील बाळाच्या नाडीवरून त्याचे आयुष्यमान सांगावे, तसा हा प्रकार आहे.

द्विधातू उत्प्रेरकांच्या बाबतीत ही चूक विशेष गंभीर ठरते. दोन धातू एकत्र आणल्याने पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉनांची रचना बदलते, अभिक्रियेतील रेणू हवे तितकेच घट्ट बसतात आणि क्रियाशीलता वाढते. पण ज्या दुसऱ्या धातूमुळे ही किमया घडते, तोच पुष्कळदा आधी विरघळून निघून जातो. २००७ साली प्लॅटिनम-निकेलच्या एका विशिष्ट स्फटिकपृष्ठावर ऑक्सिजनचे क्षपण शुद्ध प्लॅटिनमच्या तशाच पृष्ठापेक्षा दहापट वेगाने होते, असे दिसून आले. तो शोध खराच मोठा होता. मात्र इंधनघटाच्या आम्लधर्मी वातावरणात निकेल झिजते, त्याचे आयन पटलात शिरून प्रोटॉनांच्या जागा अडवतात आणि संपूर्ण घटाचीच कार्यक्षमता खालावते. क्रियाशीलतेचा आकडा खरा असतो. त्याचे आयुष्य मात्र थोडे असते.

इतिहास तर याहून स्पष्ट बोलतो. पेट्रोलचा ऑक्टेनांक वाढवणाऱ्या प्रक्रियेत १९६०च्या दशकाच्या अखेरीस प्लॅटिनम-ऱ्हेनियम उत्प्रेरक आला आणि तो तेलशुद्धीकरण उद्योगात सर्वत्र पसरला. त्याचा विजय आरंभीच्या वेगाचा नव्हता. पृष्ठभागावर कार्बनचे थर साचत असतानाही तो दीर्घकाळ काम देत राहिला, हे त्याचे मोल होते. उद्योगाने तेथे टिकाऊपणाला किंमत दिली. आपल्या बातम्या आजही पहिल्या दिवसाच्या वेगालाच हार घालत आहेत.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. प्रयोगशाळेचे काम नवे शोधणे. टिकाऊपणा उद्योगाने पाहावा. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने सात वर्षे एकच चाचणी चालवावी काय? नाही, आणि तशी मागणीही कोणी करत नाही. इंधनघटांच्या उत्प्रेरकांसाठी ३०,००० विभव-आवर्तनांची त्वरित झीज-चाचणी रूढ आहे. द्रावणात किती धातू उतरला, हे मोजणारी उपकरणे देशातील अनेक संस्थांत आहेत. ते मोजायला महिने लागत नाहीत. लागते ती मोजण्याची इच्छा.

आणि झीज म्हणजे निव्वळ अभियांत्रिकी, हा समजही खोटा आहे. निकेल-लोह उत्प्रेरकांतील लोह विरघळते आणि द्रावणातून पुन्हा पृष्ठभागावर बसते. या देवाणघेवाणीच्या समतोलावर त्यांची क्रियाशीलता अवलंबून असते, हे २०२० मध्ये पुढे आले. म्हणजे द्रावणात लोहाचा अंश राखला, तर उत्प्रेरक तगू शकतो. झीज बारकाईने पाहिली म्हणूनच हे विज्ञान हाती आले. आलेख चोवीस तासांवर तोडणारा असे ज्ञानही तोडून टाकतो.

भारतापुढे हा प्रश्न केवळ नीटनेटक्या शोधनिबंधांचा नाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली. २०३०पर्यंत वर्षाला किमान ५० लाख टन उत्पादनक्षमतेचे उद्दिष्ट ठेवले. त्यासाठीची वीज मोठ्या प्रमाणावर सूर्यापासून येणार, आणि सूर्य रोज मावळतो. यंत्र बंद पडताच त्यात उलटा प्रवाह वाहू शकतो आणि निकेलचे ऋणाग्र ऑक्सिडीकृत होऊ लागते. रोज एकदा यंत्र बंद करायचे म्हटले, तरी वर्षाला असे ३६५ आघात. अखंड, स्थिर विजेवर काढलेल्या सपाट रेषेला यांपैकी एकही आघात ठाऊक नसतो.

म्हणून 'टिकाऊ' हा शब्द यापुढे फुकट मिळू नये. किती तास, किती प्रवाहावर, किती तापमानाला, किती वेळा बंद-चालू करून आणि किती धातू गमावून, ही पाच उत्तरे नसतील, तर संस्थांच्या प्रसिद्धिपत्रकांनी आणि वृत्तपत्रांनी तो शब्द वापरू नये. परीक्षकांनी ती उत्तरे मागावीत. निधी देणाऱ्यांनी उत्प्रेरक नेमका कशाने मेला, हे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या प्रबंधालाही यशाचाच दर्जा द्यावा.

विद्यार्थ्यांनी एवढे तरी करावे: पुढची अशी बातमी वाचताना मथळ्यातले आकडे बाजूला ठेवून स्थैर्याच्या आलेखाचा आडवा अक्ष पाहावा. तो जेथे संपतो, तेथेच खरा प्रश्न सुरू होतो.