ती लेन रिकामी नाहीये

दर दोन-तीन महिन्यांनी आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर तोच फोटो येतो. म्हणजे फोटो नवा, पण आशय तोच. औंध-रावेत रस्ता, संध्याकाळची वेळ, एका बाजूला गाड्यांचा खच आणि मधोमध बीआरटीची लेन ओकीबोकी. खाली कुणीतरी लिहितं, "आपल्या टॅक्सचं काय होतं बघा." मग पंचवीस अंगठे, दोन-चार शिव्या आणि शेवटी ठरलेली सूचना: ती लेन सगळ्यांना खुली करा ना राव, प्रॉब्लेमच संपला!

संताप याचा येतो, की हे लिहिणारे सगळे इंजिनियर आहेत. कामावर हीच मंडळी ग्राफ दाखवल्याशिवाय एक ओळ डिप्लॉय करू देत नाहीत. रस्त्यावर आलं की मात्र डोळ्यांना दिसतं तेच खरं.

तर मंडळी, जरा शाळेसारखं. वाहतूक तीन आकड्यांत मोजतात. पहिला प्रवाह: रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसा आणि तासाभरात समोरून किती गाड्या गेल्या ते मोजा. दुसरा घनता: वरून एका क्षणी बघितलं तर एक किलोमीटरात किती गाड्या आहेत. तिसरा वेग. आणि या तिघांचं नातं एका ओळीचं आहे: प्रवाह = घनता × वेग. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. एका वेळी सिस्टममध्ये असलेल्या रिक्वेस्ट्स म्हणजे थ्रूपुट गुणिले रिस्पॉन्स टाइम, हा जॉन लिटलचा नियम (सिद्धता १९६१ची). गणित तेच, फक्त थ्रेडच्या जागी स्विफ्ट डिझायर.

आता फोटोत काय दिसतं? फक्त घनता. वेग दिसत नाही, त्यामुळे प्रवाहही दिसत नाही. आणि रस्ता बांधलाय तो प्रवाहासाठी!

हिशोब करू. समजा त्या लेनमधून दर मिनिटाला एक बस जाते, ताशी २० किमी वेगाने. म्हणजे तासाला ६० बस. घनता किती? ६० भागिले २०, म्हणजे किलोमीटरला ३ बस. तीन! कुठल्याही क्षणी फोटो काढा, बहुतेक वेळा लेन मोकळीच दिसणार. पण बसमध्ये ५० माणसं धरली तर त्या 'मोकळ्या' लेनमधून तासाला ३००० माणसं गेली. शेजारच्या लेनमध्ये किलोमीटरला १०० गाड्या, वेग ८. प्रवाह ताशी ८०० गाड्या. गाडीत दीड माणूस धरा (आपल्या ऑफिसच्या गेटवर उभं राहून बघा, दीड म्हणजे दया दाखवली), तर १२०० माणसं. खच्चून भरलेली लेन अर्ध्याहून कमी काम करतेय, आणि आपण दुसरीला आळशी म्हणतोय. प्रॉडक्शनमध्ये सगळे थ्रेड अडकलेले बघून "वा, सर्व्हर काय मेहनत करतोय" असं कुणी म्हणालं तर त्याला आपण काय म्हणू?

दुसरी गंमत. गाड्या वाढल्या की प्रवाह वाढतो, पण एका हद्दीपर्यंतच. ब्रूस ग्रीनशील्ड्स नावाच्या माणसाने १९३०च्या दशकात ओहायोमध्ये कॅमेऱ्याने रस्त्याचे फोटो काढून हे मोजलं आणि १९३५ साली मांडलं. त्याच्या सरळसोट मॉडेलमध्ये सर्वांत जास्त गाड्या मोकळ्या रस्त्याच्या निम्म्या वेगाला जातात. त्यापुढे प्रत्येक नवी गाडी एकूण प्रवाह कमी करते. आपण जॅममध्ये 'अडकत' नसतो, आपण त्या आलेखाच्या उतरत्या बाजूला आणखी एक धक्का देत असतो. २००८ साली जपानी संशोधकांनी २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या फिरवल्या. सिग्नल नाही, खड्डा नाही, रिक्षा नाही, म्हैस नाही. थोड्याच वेळात जॅम तयार झाला आणि उलट्या दिशेने सरकू लागला. गाड्या पुरेशा दाटल्या की एवढंच लागतं.

बरं, आता ती लेन खुली करूच. पहिले काही आठवडे खरंच बरं वाटेल, नाकारत नाही. मग जे लोक गर्दी टाळून साडेदहाला निघत होते ते साडेआठला निघतील, जे दुसऱ्या रस्त्याने जात होते ते इकडून येतील. अमेरिकन शहरांच्या आकडेवारीवर डुरांटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११ साली दाखवलं, की रस्त्यांची लांबी जितक्या पट वाढते जवळपास तितक्याच पट गाड्यांचं फिरणं वाढतं. म्हणजे पुन्हा वेग ८. आणि आता बसही ८ नेच जाणार. बस तेवढ्याच आहेत, किलोमीटरला ३. तीन गुणिले आठ, २४. तासाला ६० च्या जागी २४ बस! एकही बस कमी न करता ३६ फेऱ्या गायब. माणसं ३००० वरून १२०० वर. बदल्यात मिळाली गाड्यांची एक लेन, आणखी १२००. एकूण ६०० माणसांचा तोटा. आणि बस सोडलेल्या १८०० जणांतले निम्मे उद्या बाईक घेणार, ते वेगळंच.

मूळ गडबड मोजण्याच्या एककात आहे. आपल्याकडे वाहतूक 'पीसीयू'त मोजतात, म्हणजे पॅसेंजर कार युनिट. कार म्हणजे १, बाकी सगळे तिच्या तुलनेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९०च्या शहरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत, रहदारीत ज्याचा वाटा १० टक्के किंवा जास्त असेल अशा वाहनांसाठी दुचाकी ०.७५, रिक्षा २, बस किंवा ट्रक ३.७. रस्त्याची जागा मोजायला हे ठीकच आहे. पण या हिशोबात बस म्हणजे जवळजवळ चार गाड्यांएवढी अडचण, आणि आत ५० माणसं आहेत की ती डेपोत रिकामी चाललीय याची नोंद कुठेच नाही. डोकी मोजा की! कारमध्ये माणशी ०.६७ पीसीयू. बसमध्ये माणशी ०.०७. बाईकवाल्यांनी हसायचं कारण नाही: सव्वा माणूस धरला तरी माणशी ०.६, म्हणजे कारच्या जवळपासच. आपण सगळे एकाच नावेत... आय मीन, एकाच जॅममध्ये.

उड्डाणपुलांबद्दल थोडक्यात, कारण त्यावर बोलायला लागलो तर रविवार संपेल. सिग्नलवर साडेतीन मीटरच्या एका लेनमधून हिरव्या दिव्याच्या पूर्ण तासाला सुमारे १८०० पीसीयू सुटतात. हिरवा दिवा ३० टक्के वेळ असेल तर ५४० च्या आसपास. पुलावर तीन लेन करा नाहीतर सहा, उतरल्यावरचा सिग्नल जेवढं सोडतो तेवढंच पुढे जाणार. विद्यापीठ चौकातले पूल २०२० साली पाडून झाले, तरी आपली पुलाची भूक काही भागत नाही.

आणि लेन हिसकावण्याचा इतिहास आपल्याकडे आहेच. दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद बीआरटी २००८ मध्ये सुरू झाली. कारवाल्यांनी बोंब मारली, प्रकरण हायकोर्टात गेलं. २०१२ मध्ये कोर्टाने याचिका फेटाळली. तरीही २०१५ मध्ये सरकारने तो मार्ग गुंडाळायचं ठरवलं आणि २०१६ मध्ये तोडायला घेतला. पुण्यात तर देशातली पहिली बीआरटी, कात्रज-स्वारगेट, २००६ च्या अखेरीस. ती इतकी अर्धवट केली, की 'बीआरटी' हा शब्दच शिवीसारखा झाला. उलट बोगोटात २००० पासून बसच चालतात, स्टेशनवर मागच्या बसला पुढे जायला जागा ठेवलीय, आणि गर्दीच्या तासाला एका दिशेने ४० हजारांच्या वर माणसं जातात.

आता तुमचा आक्षेप मला ऐकू येतोय: अरे, पण मिनिटाला बस येते कुठे? बरोबर. सहा मिनिटांनी एक बस येत असेल तर तासाला १० बस, ५०० माणसं. मग ती लेन खरोखर वाया चाललीय, आणि शेजारच्या तुंबलेल्या लेनपेक्षाही वाईट. माझ्या हिशोबाने तासाला २४ बसच्या खाली गेलात तर भांडायला मुद्दा उरत नाही. पण त्याचा इलाज बस वाढवणं हा आहे, तोही लेन तयार असताना, काँक्रीट न ओतता. ग्रुपवरच्या त्या पंचवीस अंगठ्यांपैकी एकाने तरी महानगरपालिकेला "बस वाढवा" असं लिहिलंय का? फोटो मात्र एचडी.

२०२४ च्या टॉमटॉमच्या यादीत पुणं जगातलं चौथं मंदगती शहर ठरलं, १० किमीला सुमारे ३३ मिनिटं. पेपरात हेडलाइन, ग्रुपवर मीम्स. हा आकडा गाडीचा वेग सांगतो. आपल्या रस्त्यावरून तासाला किती माणसं जातात हे कुठल्याच हेडलाइनमध्ये नसतं, आणि ते मोजायला सॅटेलाइट लागत नाही. पादचारी पुलावर दोघं जण, मोबाइलचं स्टॉपवॉच, पंधरा मिनिटं. एकाने बसच्या लेनमधली डोकी मोजायची, एकाने शेजारच्या. खिडक्यांतून नीट दिसत नसेल तर बस अर्धी भरली धरा, तरी चालेल. आकडे ग्रुपवर टाका, चारने गुणून. फोटो नको.